न्हाणीघराची फरशी : गृहसुधारणेचा एक पाठ

घर बांधताना किंवा जुन्या घराची दुरुस्ती काढताना दिवाणखान्यास जो मान मिळतो तो न्हाणीघरास मिळत नाही. देवघर कोणत्या दिशेस असावे, दुकानाची दर्शनी बाजू कशी दिसावी, जिन्याचा कठडा कोणत्या लाकडाचा असावा ह्यांवर घरातील वडीलधारी मंडळी तासन् तास विचार करतात. न्हाणीघर मात्र गवंड्याच्या मर्जीवर सोडून दिले जाते. वस्तुतः घरातील लहानथोर प्रत्येक माणूस दिवसाच्या आरंभी जेथे अनवाणी पायांनी ओल्या जमिनीवर उभा राहतो ते स्थान हेच होय. वृद्ध आईवडिलांचा पाय घसरण्याचे भय येथेच अधिक, आणि घराच्या भिंतींत ओल शिरण्याचा मार्गही बहुधा येथूनच सुरू होतो.

आपल्या व्यापारी बांधवांच्या दृष्टीने ह्या विषयास आणखी एक बाजू आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर ह्या भागांतील आपल्या समाजाची पुष्कळ जुनी घरे ‘खाली दुकान, वर बिऱ्हाड’ ह्या पद्धतीची आहेत. अशा घरात वरच्या मजल्यावरील न्हाणीघरातून झिरपणारे पाणी खालच्या दुकानात किंवा वखारीत उतरते. कापडाचे तागे, साखरेची पोती, डाळींच्या थप्प्या, तंबाखूची बोंदरी ह्यांपैकी कोणत्याही मालास ओल सोसत नाही. छताला डाग दिसू लागेपर्यंत पाणी किती दिवस आत मुरत होते हे कोणासच कळत नाही. म्हणून न्हाणीघराच्या फरशीचा विचार हा केवळ शोभेचा विचार नव्हे, तो मालमत्तेच्या रक्षणाचाही विचार आहे. ह्या कामाची शास्त्रशुद्ध रीत सभासद बंधुभगिनींपुढे क्रमवार ठेवावी, ह्या हेतूने हा पाठ लिहिला आहे. सर्वांनी हाती करणी घेऊन स्वतः गवंडीकाम करावे असा आमचा आग्रह नाही. ज्यांस हौस व सवड आहे त्यांनी ते जरूर करावे. इतरांनी निदान कामावर उभे राहून काय पाहावे व कोणता प्रश्न केव्हा विचारावा, एवढे तरी ह्यातून घ्यावे.

थोडा पूर्वेतिहास

स्नानाची जागा पक्की करण्याची विद्या भारतीय उपखंडात फार जुनी आहे. मोहेंजोदडो येथील उत्खननात घरोघर विटांच्या घट्ट बांधणीच्या न्हाण्या सापडल्या असून त्यांच्या जमिनीस गटाराच्या दिशेने ढाळ दिलेला आढळतो. तेथील प्रसिद्ध महास्नानगृहाच्या विटा जिप्समच्या चुन्यात बसविलेल्या होत्या, आणि पाणी बाहेर झिरपू नये म्हणून डांबराचा थरही दिलेला होता. म्हणजे वरचा कठीण पृष्ठभाग निराळा आणि पाणी अडविणारा थर निराळा, हे तत्त्व त्या कारागिरांस चार हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. आजही पुष्कळ गवंडी हेच तत्त्व विसरतात.

आपल्याकडील वाड्यांतून तांब्याचा बंब, घंगाळ आणि खाली शहाबादी फरशी असा थाट असे. मराठीत मोरी अथवा न्हाणी, कानडी शेजाऱ्यांच्या भाषेत बच्चल, अशी तिची नावे आहेत. गुलबर्गा भागातील शहाबादचा करडा दगड आणि आंध्रातील कडप्प्याचा काळा दगड, हे दोन्ही चुनखडीच्या जातीचे. पुढे सिमेंटच्या रंगीत नक्षीदार टाइल आल्या. १९२२ साली सिधवा घराण्याने स्थापन केलेल्या भारत टाइल्स ह्या कारखान्याने त्या स्वदेशात तयार करून लोकप्रिय केल्या. आज भट्टीत भाजलेल्या सिरॅमिक व व्हिट्रिफाइड टाइलांचा प्रसार सर्वत्र झाला आहे. एके काळी कौले व भिंतीवरील घड्याळे ह्यांसाठी ख्यात असलेले सौराष्ट्रातील मोरबी हे गाव ह्या धंद्याचे देशातील सर्वांत मोठे केंद्र बनले आहे.

मूळ गैरसमज

टाइल लावली म्हणजे पाणी अडले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची होय. टाइल स्वतः पाणी पुष्कळ अंशी अडवीत असली तरी दोन टाइलांमधील सिमेंटचा सांधा सच्छिद्र असतो. रोज दोन-चार माणसांचे स्नान होते. त्यातील अल्पसे पाणी रोज सांध्यांतून खाली उतरते. खाली त्यास अडविणारा व परत जाळीकडे नेणारा थर असेल तर ते निमूटपणे निघून जाते. तसा थर नसेल तर ते स्लॅबमध्ये, विटांत किंवा आपल्या भागातील जुन्या घरांच्या जांभ्या दगडात मुरते. जांभा हा मुळातच छिद्रांचा दगड असल्यामुळे तो पाणी झटकन पितो व सावकाश सोडतो. मग भिंतीस पांढरा लोणा फुटतो, रंगाचे पापुद्रे निघतात, स्लॅबमधील लोखंडी गज गंजतात. गंजलेले लोखंड फुगते व भोवतालचे काँक्रीट फोडून टाकते. ह्या सर्व अनर्थाचे मूळ टाइलखालील न दिसणाऱ्या एका थरात असते.

टाइलची निवड

टाइल विकत घेताना प्रथम ती पाणी किती शोषते हे पाहावे. भारतीय मानक ब्यूरोच्या १५६२२ क्रमांकाच्या मानकात टाइलांचे वर्ग ह्याच गुणावरून केलेले आहेत. भिंतीसाठी बनविलेली चकचकीत टाइल आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषू शकते; चांगली व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी शोषते. भिंतीची टाइल जमिनीस कधीही लावू नये. ती तितका भारही सोसत नाही आणि ओली झाली म्हणजे निसरडीही होते.

व्यापाऱ्याच्या दुकानात तराजू असतोच. त्याच तराजूवर एक सोपी परीक्षा करता येते. एक कोरडी टाइल तोलावी, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवावी, बाहेर काढून फडक्याने पुसून पुन्हा तोलावी. समजा, कोरडे वजन १,५०० ग्रॅम आणि ओले वजन १,६९५ ग्रॅम भरले. वाढ १९५ ग्रॅमची, म्हणजे १३ टक्के झाली. ही टाइल भिंतीची आहे हे निश्चित समजावे. प्रयोगशाळेतील परीक्षेइतकी ही अचूक नसली तरी दोन जातींतील भेद ओळखण्यास पुरेशी आहे.

जमिनीसाठी खरखरीत अथवा मॅट पृष्ठभागाचीच टाइल घ्यावी. पेटीवर ‘आर’ ह्या अक्षरापुढे नऊपासून तेरापर्यंत अंक दिलेला असल्यास तो घसरण-विरोधाचा निर्देशक असून, अंक जितका मोठा तितकी पकड अधिक असे समजावे. अंक नसल्यास दुकानातच नमुन्याच्या टाइलवर साबणाचे पाणी टाकून, टाइल जमिनीवर घट्ट धरून, उघड्या टाचेने घासून पाहावे. शिवाय जमिनीस फार मोठ्या टाइल घेऊ नयेत. लहान टाइलांत सांधे अधिक येतात, पायास पकड मिळते आणि चारी बाजूंनी जाळीकडे ढाळ देणे सुलभ होते.

मालाचा हिशेब

आता हिशेबाचा भाग पाहू, कारण तो आपल्या सर्वांच्या आवडीचा. समजा, न्हाणीघर आठ फूट लांब व पाच फूट रुंद आहे, आणि भिंतींस सात फूट उंचीपर्यंत टाइल लावावयाची आहे. चार भिंतींची एकूण लांबी २६ फूट. तीस सात फुटांनी गुणिता १८२ चौरस फूट होतात. अडीच फूट रुंद व सात फूट उंच दरवाजाचे १७.५ चौरस फूट वजा करता १६४.५ चौरस फूट उरतात. झरोका सात फुटांच्या वर असल्याने त्याची वजावट नाही.

बाजारात जिला ‘बारा बाय अठरा’ म्हणतात ती टाइल प्रत्यक्षात ३०० बाय ४५० मिलिमीटरची असते. इंची मापाने तिचे क्षेत्र दीड चौरस फूट धरले जाते, परंतु खरे क्षेत्र १.४५ चौरस फुटांच्या आसपासच भरते. इंची मापाने हिशेब केला तर ११० टाइल पुरतील असे दिसेल. सांध्यांची रुंदी सोडून खऱ्या मापाने ११४ लागतात. ह्यात कापाकापी व फूट ह्यांसाठी दहा टक्के मिळविले असता १२५ टाइल होतात. पेटीत सहा नग असल्यास २१ पेट्या घ्याव्या. जमिनीचे क्षेत्र ४० चौरस फूट. तीनशे मिलिमीटर चौरस टाइल दहा टक्के वाढीसह ४६ लागतील.

सर्व पेट्या एकाच वेळी घ्याव्या व प्रत्येक पेटीवरील शेड व बॅचचा क्रमांक एकच असल्याची खात्री करून घ्यावी. भट्टी बदलली की रंगात व मापातही सूक्ष्म फरक पडतो, आणि तो भिंतीवर चढल्यावरच डोळ्यांत भरतो. काम झाल्यावर उरलेल्या पाच-सहा टाइल माळ्यावर जपून ठेवाव्या. पुढे एखादी फुटली तर तसाच नग बाजारात मिळेल ह्याचा भरवसा नाही.

पूर्वतयारी

जुने घर असेल तर सर्वप्रथम मजल्याच्या बळाचा विचार करावा. दोन इंच जाडीचा सिमेंटवाळूचा थर दर चौरस मीटरला सुमारे शंभर किलो भरतो. उपरोक्त चाळीस चौरस फुटांच्या जमिनीवर तो एकटाच सुमारे ३७० किलो होतो. टाइल, माणसे व भरलेल्या बादल्या ह्यांचे वजन निराळे. लाकडी तुळयांच्या माडीवर हा भार टाकण्यापूर्वी जाणकार अभियंत्याचे मत घेणे अत्यावश्यक आहे.

त्यानंतर नळांचे काम. भिंतीत गाडावयाच्या नळ्या बसवून झाल्यावर त्या बुजविण्यापूर्वी दाब देऊन रात्रभर तशाच ठेवाव्या व सकाळी दाब उतरला आहे काय ते पाहावे. भिंत बंद झाल्यावर गळती शोधणे म्हणजे नवी टाइल फोडणे होय. पाणी तापविण्याच्या विजेच्या यंत्रास योग्य अर्थिंग असावे व त्या मंडलावर तीस मिलिअँपिअरला तुटणारा गळती-रक्षक स्विच बसवावा. हे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

भिंतीचा गिलावा ओळंब्यात व सपाट असावा. कोपरे काटकोनात आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी एका भिंतीवर तीन फूट व लगतच्या भिंतीवर चार फूट मोजून खुणा कराव्या. दोन खुणांमधील तिरपे अंतर बरोबर पाच फूट भरले तर कोपरा अचूक समजावा. नव्या गिलाव्यास निदान सात दिवस पाणी मारावे व शक्य तर तीन-चार आठवडे सुकू द्यावे.

ढाळ व जलरोधक थर

ढाळ टाइलांच्या थरात न देता त्याखालील कोब्यातच द्यावा, हा ह्या कामातील कळीचा नियम आहे. सांध्यांतून उतरलेले पाणीसुद्धा खालच्या थरावरून जाळीकडे वाहिले पाहिजे. खालचा थर सपाट असेल तर ते तेथे साचून कुजेल. दर मीटरला दहा ते वीस मिलिमीटर हे ढाळाचे योग्य प्रमाण आहे. जेथे फवाऱ्याखाली स्नान होते तेथे वीसच्या जवळपास ठेवावे. न्हाणीघराची जमीन दाराबाहेरील जमिनीपेक्षा निदान एक इंच खाली असावी, अथवा दाराशी तितका उंबरा ठेवावा.

जाळीखालील नहाणी ट्रॅपमध्ये सुमारे पन्नास मिलिमीटर पाणी सदैव उभे असते. हे पाणी गटारातील दुर्गंध व झुरळे अडवून धरते. पाहुण्यांचे न्हाणीघर महिना-महिना बंद राहिले की ते पाणी सुकते. आठवड्यास एक तांब्या पाणी जाळीत ओतावे, म्हणजे औषधे फवारण्याचा प्रसंगच येत नाही.

कोबा सुकल्यावर जमीन व भिंत ह्यांच्या सांध्यात सिमेंटचा गोलसर वाटा भरून घ्यावा. मग पॉलिमरयुक्त सिमेंटच्या जलरोधक लेपाचे दोन हात द्यावे. पहिला उभा, आणि तो सुकल्यावर दुसरा आडवा. हा लेप भिंतीवर सर्वत्र निदान एक फूट, आणि फवाऱ्याच्या भिंतीवर सहा फुटांपर्यंत चढवावा. जाळीची कड व भिंतीतून बाहेर येणाऱ्या नळ्यांची मुळे येथे विशेष लक्ष द्यावे, कारण पाणी बहुधा तेथूनच वाट काढते.

लेप पूर्ण सुकल्यावर पाण्याची परीक्षा घ्यावी. जाळी घट्ट बंद करावी, उंबऱ्याशी आड घालावी आणि जमिनीवर इंचभर पाणी साठवावे. आपल्या उदाहरणातील न्हाणीघरास ते सुमारे ९३ लिटर लागेल. पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलीने आखून ठेवावी व चोवीस ते अठ्ठेचाळीस तास वाट पाहावी. हवेने थोडे पाणी उडेल. परंतु पातळी ठळकपणे उतरली किंवा खालच्या छतास ओल दिसली, तर टाइलची एकही पेटी उघडू नये. दोष शोधून, लेप पुन्हा देऊन, परीक्षा पुन्हा घ्यावी. गवंडी घाई करील, ‘आमच्या हातचे काम कधी गळले नाही’ असे सांगेल. मालकाने शांतपणे दोन दिवस थांबावे. संपूर्ण कामातील ह्यांहून मोलाचे दोन दिवस नाहीत.

टाइल बसविणे

टाइल प्रथम कोरडीच मांडून पाहावी. भिंतीचा मध्य काढून तेथून दोन्ही बाजूंस मोजत जावे व कोपऱ्यात अर्ध्याहून बारीक तुकडा येत असल्यास आरंभाची जागा अर्ध्या टाइलने सरकवावी. भिंतीचे काम जमिनीपासून आरंभू नये, कारण ढाळामुळे जमीन समपातळीत नसते. पाणसळीने आडवी रेघ आखून तिच्यावर लाकडी पट्टी ठोकावी, दुसऱ्या ओळीपासून वर चढावे आणि जमिनीचे काम झाल्यावर सर्वांत खालची ओळ लावावी. असे केल्याने भिंतीची टाइल जमिनीच्या टाइलवर उभी राहते आणि भिंतीवरून ओघळणारे पाणी सांध्याच्या आत न जाता जमिनीवर येते.

जुन्या रीतीने, म्हणजे सिमेंटवाळूत, शोषक टाइल बसवावयाची असल्यास ती आधी पाण्यात भिजवून घ्यावी; नाहीतर ती मसाल्यातील पाणी ओढून घेते व सिमेंट कच्चे राहते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषतच नाही. त्यामुळे साध्या सिमेंटची पकड तिच्या पाठीवर नीट बसत नाही. तिच्यासाठी टाइल-चिकटद्रव्य वापरावे. त्याचे भारतीय मानक १५४७७ हे आहे. पावडर पाण्यात कालवून, पाच मिनिटे मुरू देऊन, पुन्हा ढवळावी. घट्ट होऊ लागल्यावर वरून पाणी मिसळून ते सैल करू नये.

हे द्रव्य दातेरी करणीने भिंतीवर एकाच दिशेने ओढावे व टाइल किंचित सरकवीत दाबून बसवावी, म्हणजे चऱ्यांतील हवा निघून जाते. टाइलच्या पाठीस चार कोपऱ्यांत सिमेंटचे लाडू लावून ती चिकटविण्याची चाल अद्याप पुष्कळ ठिकाणी दिसते. ह्या रीतीने मधली जागा पोकळ राहते, तेथे पाणी साचते आणि बादलीचा धक्का लागताच टाइल फुटते. दर काही टाइलांनंतर एक उचकटून तिची पाठ पाहावी. ती जवळजवळ संपूर्ण माखलेली असली पाहिजे.

पूर्वी आपले वडील चांदीचा रुपया दगडावर वाजवून खरा-खोटा ठरवीत. काम सुकल्यावर तीच कला येथे उपयोगी पडते. हाती एक नाणे घेऊन प्रत्येक टाइल कोपऱ्यांत व मध्ये हलकेच ठोकावी. भरीव आवाज आला तर उत्तम. पोकळ आवाज आला तर खडूने खूण करावी आणि कारागिराचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी ती बदलून घ्यावी.

सांधे

दोन टाइल एकमेकींस चिकटवून, सांधा न ठेवता बसविण्याचा मोह शोभेसाठी होतो. तो टाळावा. उष्णतेने टाइल किंचित प्रसरण पावते. तीस जागा नसेल तर ती उचलली जाते. भिंतीस दोन व जमिनीस तीन मिलिमीटर सांधा ठेवण्यास हरकत नाही. टाइल बसवून निदान चोवीस तास लोटल्यावर सांधे भरावे. जमिनीचे सांधे इपॉक्सीने भरल्यास ते पाणी शोषीत नाहीत व काळेही पडत नाहीत. मात्र ते लवकर घट्ट होते, म्हणून थोडे थोडे कालवून तत्काळ पुसून घ्यावे लागते.

भिंत व जमीन मिळते तेथे, तसेच दोन भिंतींच्या कोपऱ्यांत, सिमेंटचे सांधे भरू नयेत. दोन निरनिराळी अंगे निरनिराळ्या रीतीने हलतात आणि ताठ सांधा तडकतो. तेथे लवचिक सिलिकोन भरावा.

कारागिराची काळजी

टाइल कोरडी कापली म्हणजे जी पांढरी धूळ उडते तीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे फुप्फुसांत गेल्यास सिलिकोसिस नावाचा विकार जडतो आणि त्यावर रोग समूळ घालविणारा उपाय नाही. आपले काम चार दिवसांचे, कारागिराचे मात्र जन्माचे. म्हणून कापताना पाण्याची धार ठेवण्यास सांगावे, तोंडावर योग्य मास्क द्यावा आणि ओल्या सिमेंटने कातडी जळते म्हणून हातमोजे पुरवावे. हा खर्च मालकाने आपल्या खात्यात धरावा. अहिंसेचे अणुव्रत पाळणाऱ्या घराच्या कामात कोणाचे आयुष्य झिजावे, हे शोभणारे नाही.

निगा आणि यत्नाचार

अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्येचा उल्लेख आपण प्रवचनांतून ऐकतो. निष्कारण पाणी सांडणे हे तिचे नेहमीचे उदाहरण. गळका नळ व साचणारी न्हाणी ही तिची घरगुती रूपे होत. जेथे ओल टिकते तेथे शेवाळ धरते, बुरशी वाढते, सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते. मग घासणे, औषधे ओतणे, फवारणे हे सर्व ओघाने येते. ढाळ योग्य, सांधे भरलेले आणि हवा खेळती असेल, तर जीवोत्पत्तीचे कारणच उरत नाही आणि हिंसेचा प्रसंगही टळतो. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे दोन घटिका किंवा ४८ मिनिटे, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. तेच माप आम्ही न्हाणीघरास लावून पाहण्यास सुचवितो. शेवटच्या माणसाचे स्नान झाल्यावर रबरी पुसणीने पाणी ओढून घ्यावे. तेथून दोन घटिकांत जमीन कोरडी झाली, तर न्हाणीघर नीट बांधले आहे असे समजावे. पावसाळ्यात ह्यास अधिक वेळ लागतो, म्हणून झरोका बुजवू नये आणि शक्य असल्यास हवा बाहेर टाकणारा पंखा बसवावा.

धुण्यासाठी सौम्य साबण पुरेसा आहे. ॲसिडने टाइल चकाकते खरी, परंतु ते सांध्यांतील सिमेंट खाते आणि शहाबादी, कडप्पा, कोटा ह्या चुनखडीच्या फरश्यांचे पृष्ठ कायमचे खराब करते. ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र तर कदापि येऊ देऊ नयेत. त्यांतून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो.

व्यवहाराची शुद्धता

आपल्या सभासदांपैकी काही टाइल, सिमेंट व नळांच्या सामानाचा व्यापार करतात, तर काही इमारतींची कंत्राटे घेतात. त्यांच्यापुढे दोन शब्द ठेवणे उचित वाटते. ह्या कामात ग्राहक ज्याचे पैसे देतो त्यातील मुख्य भाग त्यास पुन्हा कधी दिसणार नसतो. लेपाचे दोन हात दिले की एक, टाइलची पाठ पूर्ण माखली की चार लाडू लावले, जमिनीस जमिनीचाच माल दिला की भिंतीचा खपविला, हे सर्व टाइलखाली झाकले जाते. अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोट्या मापाबरोबरच प्रतिरूपक व्यवहाराचीही गणना केली आहे. चांगल्याच्या नावाखाली हलके देणे हा त्याचा अर्थ. मापातील लबाडी तराजूवर लगेच उघडकीस येते, परंतु टाइलखालची लबाडी पाच-सहा पावसाळ्यांनंतर छताच्या डागातून बाहेर पडते. तोपर्यंत बिल चुकते झालेले असते आणि कंत्राटदाराचे नावही विसरलेले असते. म्हणून ग्राहक आपल्याहून अजाण आहे हे जाणून दुकानदाराने त्यास शोषणाचे प्रमाण, खरे माप व बॅचचा क्रमांक आपण होऊन सांगावा. आणि कंत्राटदाराने पाण्याची परीक्षा ग्राहकास स्वतः बोलावून दाखवावी. पेढीची पत अशाच गोष्टींनी बांधली जाते.

कामाचा क्रम

वाचकांच्या सोयीसाठी संपूर्ण क्रम पुन्हा थोडक्यात देतो. तो कागदावर उतरवून कामाच्या जागी लावावा व प्रत्येक टप्पा झाल्यावर समोर खूण करावी.

१. मजल्याच्या बळाची तपासणी.
२. नळ्या व विजेचे काम, दाबाची परीक्षा.
३. गिलावा ओळंब्यात, कोपरे काटकोनात.
४. जाळीकडे ढाळ देऊन कोबा, कोपऱ्यांत वाटा.
५. जलरोधक लेपाचे दोन हात.
६. पाण्याची परीक्षा, चोवीस ते अठ्ठेचाळीस तास.
७. भिंतीच्या टाइल, दुसऱ्या ओळीपासून वर.
८. जमिनीच्या टाइल; त्यानंतर भिंतीची खालची ओळ.
९. नाण्याने ठोकून तपासणी.
१०. सांधे, कोपऱ्यांत सिलिकोन.

ह्यांतील सहाव्या क्रमांकापुढे खूण झाल्यावाचून सातव्याचे काम सुरू होऊ देऊ नये. एवढा एक नियम घरातील कर्त्या माणसाने निश्चयाने पाळला, तर वरचे बिऱ्हाड व खालचे दुकान दोन्ही कोरडी राहतील.